फेकायचा दगड

खाण बंद झाली ती शिमग्यानंतरच्या सोमवारी. सुरुंगाने शाळेच्या भिंतीला तडा गेला, गावाने डंपर अडवले आणि तहसीलची माणसं येऊन फाटकाला सील ठोकून गेली. ही दोन हजार सात सालची गोष्ट. पडघ्याच्या पुढच्या त्या डोंगरात खडी काढणारे पन्नास जण होते, पण पोकळी काढणारा एकटा बाळाराम. काळ्या दगडाच्या पोटात कुठेकुठे पोकळी असते आणि तिच्यात हिरवे, गुलाबी, पांढरे स्फटिक दाटलेले असतात. व्यापारी ते परदेशात विकतात. बाळाराम कातळावर घण टेकवून नुसता वाजवायचा आणि सांगायचा, "इथं हाय." मग सुरुंगवाल्यांना दहा हात लांब बसायला लागायचं, आणि ही स्वारी छिन्नी घेऊन दिवसभर एका भोकाशी गुडघे टेकून. खाणीत त्याचा रुबाब होता. सील लागलं आणि रुबाब घरी येऊन ओट्यावर बसला.

ओट्यावर बसल्यावर त्याचा खोकला सगळ्या आळीला ऐकू यायला लागला. घणाच्या आवाजात तो इतकी वर्षं लपला होता. भिवंडीच्या डॉक्टरने फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "छातीत दगडाची धूळ बसलीय. खाणीत पुन्हा पाय ठेवायचा नाही." बाळारामने मान हलवली. घरी येऊन त्याने छिन्न्यांना तेल लावलं.

कारण मुकादम काळूराम माणसं गोळा करत होता. घाटावर कुठेशी नवीन खाण उघडली होती. रविवारी टेम्पो निघणार होता, आणि बाळारामचं नाव त्याने सगळ्यांत वर लिहिलं होतं.

"घरी बसून काय करू?" बाळाराम म्हणाला. "मना दुसरा काय येतंय?"

त्याची बायको पार्वती दुसऱ्या दिवशी सकाळी उठून टमटममध्ये बसली आणि थेट वळ गावाला गेली, मोहिउद्दीन शेठच्या गोडाऊनवर.

मोहिउद्दीन शेठ भिवंडीचा. आजोबांपासून लूम. वळमध्ये त्याने गोडाऊन बांधलं, खाली कापडाचे तागे आणि वरच्या मजल्यावर एक मोठी खोली. त्या खोलीत भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर दगड. शेठला वेड होतं ते कॅल्साइटचं. खाणीत या दगडाला नावसुद्धा नव्हतं. 'फेकायचा' म्हणायचे. मधासारखा पिवळा, कुठे पांढरा, नखाने नाही पण खिळ्याने सहज ओरखडा उठणारा असा दगड. पोकळीतून तो निघाला की बाळाराम शिवी देऊन मागे भिरकावायचा. बारा वर्षांपूर्वी शेठ खाणीवर आला आणि त्या भिरकावलेल्या ढिगात बसून राहिला, तेव्हा मजुरांना वाटलं होतं की उन्हाने माणसाचं डोकं फिरलंय.

"शेठ, त्यांना कामावर ठेवा," पार्वती म्हणाली. तिने आडवळण घेतलंच नाही. "खाणीचं सोडून कायपन सांगा. रविवारी टेम्पो जातंय. त्यात बसला त परत येनार न्हाय."

शेठने चष्मा काढून पुसला. "वेळेवर आलीस बघ. तीन पेट्या आल्यात माझ्या, चौथी येतेय. सहा मुलखांतून. शुक्रवारी नमाजनंतर पुण्याहून दोन साहेब येणारेत बघायला, वीस वर्षं ते माझ्या खोलीला नावं ठेवतायत. तोपर्यंत पेट्या उघडून, साफ करून सगळं फळ्यांवर मांडून द्या दोघं. मनासारखं झालं तर बाळाराम इथे कायमचा. झाडपूस, राखण, पावसाळ्यात ओल येणार नाही ते बघायचं. सावलीतलं काम आहे."

सावलीतलं काम हे दोनच शब्द पार्वतीने घरी येईपर्यंत धरून ठेवले.

मंगळवारपासून दोघं वळला जायला लागली. बारावीची परीक्षा दिलेली उन्नती, त्यांची मुलगी, चिठ्ठ्या वाचायला बरोबर. पेट्यांत परदेशी वर्तमानपत्रांत गुंडाळलेले दगड, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.

"इंग्लंड," उन्नती वाचायची. "मेक्सिको. चीन. पुन्हा चीन. नामिबिया."

"हा कुठला?"

"अमेरिका. टेनेसी."

पार्वतीने ते सगळे एका रांगेत ठेवून पाहिले. एक कुत्र्याच्या दातासारखा टोकदार, एक पापडासारखा चपटा, एकाचं टोक कापल्यासारखं बोथट.

"ह्ये समदे येकच हाय?"

"एकच," उन्नती म्हणाली. "शेठ म्हणाले, सगळं कॅल्साइट."

"मंग येक घ्यावा. इतके कशाला?"

बाळाराम मेक्सिकोचा दगड हातात धरून उजेडाकडे फिरवत होता. तीस वर्षं त्याने हाच दगड पाठीमागे टाकला होता, तोंड वळवून कधी बघितला नव्हता. आता त्याला कळेना की आपण तेव्हा चुकत होतो की शेठ आत्ता चुकतोय. मग उन्नतीने एक काचेसारखा नितळ तुकडा चिठ्ठीवर ठेवला आणि ओरडली, "आये, बघ! अक्षरं दोन-दोन दिसतात!" पार्वतीने वाकून बघितलं, डोळे चोळले, परत बघितलं. मग तिने तो तुकडा उचलून पालथा करून पाहिला, खाली काही चिकटवलंय का म्हणून. काही नव्हतं.

"डोला फसवतंय," ती म्हणाली आणि तुकडा लांबूनच फळीवर सरकवला.

दोन दिवस बरे गेले. बाळारामने फळ्या पुसल्या, दगड मांडले, प्रत्येकाचं तोंड खिडकीकडे केलं. जड पेटी उचलताना त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, तेव्हा तो मधेच थांबून चिठ्ठी वाचल्याचं नाटक करायचा. त्याला वाचता येत नव्हतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेठ रोज संध्याकाळी येऊन जायचा आणि दारात उभा राहून "वा" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तर त्याने बाळारामला बाजूला स्टुलावर बसवून चहा पाजला. घरी परतताना टमटममध्ये बाळाराम म्हणाला, "शेठ मानूस चांगला हाय." पार्वतीला हसू आलं. तिला वाटलं, झालं आपलं काम.

गुरुवारी चौथी पेटी आली, रोमानियाची. कस्टममध्ये अडकली होती. त्या दिवशी बाळारामला डॉक्टरने पुन्हा फोटो काढायला बोलावलं होतं, म्हणून उन्नती त्याच्याबरोबर भिवंडीला गेली. पार्वती एकटी.

पेटीत पाच दगड. चार मुठीएवढे, एक लिंबाएवढा. बाकीच्या पेट्यांतले पाण्याने आणि ब्रशने चकचकीत झाले होते, पण यांच्यावर तांबडा गंज बसलेला, दातांसारख्या स्फटिकांच्या फटीत घट्ट. पार्वतीने तासभर घासलं. बोटांची सालं निघाली, गंज हलला नाही. उद्या दुपारी पुण्याचे साहेब.

आता पार्वतीबद्दल एक सांगायला हवं. ती दगड धुण्यात अडाणी नव्हती. व्यापाऱ्याच्या शेडमध्ये तिने नऊ वर्षं दगड धुतले होते. खाणीतून पुरुषांनी काढायचं आणि शेडमध्ये बायकांनी धुवायचं, हा तिथला रिवाज. बाळारामने कधी धुतलं नाही, पार्वतीने कधी खणलं नाही. शेडमध्ये हिरव्या-गुलाबी स्फटिकांवर पांढरी साय धरलेली यायची. टबात पाणी घालायचं, त्यात अ‍ॅसिड, मग दगड सोडायचा. फसफसायचं. फसफसणं थांबलं की साय गेली, मळ गेला, दगड स्वच्छ. नऊ वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती. ती साय म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. फेकायचा दगड तर शेडपर्यंत पोचतच नव्हता.

तरी तिने विचारलं. गोडाऊनच्या वॉचमनच्या मोबाइलवरून शेठला फोन लावला. मागे लूमचा खडखडाट.

"शेठ, यांवरचा गंज निघत न्हाय. शेडमधी धुवायचो तसा धुवू का?"

शेठने उभ्या आयुष्यात शेडमध्ये पाय ठेवला नव्हता. "धू ना!" तो ओरडला. "तुला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. उद्यापर्यंत चमकले पाहिजेत, बस."

तिने नाक्यावरून संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली आणली. मापात पाणी घातलं. पदर नाकाला लावला आणि पाचही दगड हलक्या हाताने टबात सोडले.

असं फसफसणं तिने कधी पाहिलं नव्हतं. पाणी उकळी आल्यासारखं वर आलं. 'बाई गं, किती मळ!' तिला वाटलं. ती फसफस थांबायची वाट बघत बसली, कारण थांबलं की काढायचं, हाच नियम. थांबेना. मग वेग मंदावला, पण दगड दिसेनात इतका फेस. मंदावलं म्हणजे अ‍ॅसिड कमी पडलं, असं समजून तिने आणखी अर्धी बाटली ओतली.

पाऊण तासाने सगळं शांत झालं. तिने हात घातला. पहिला दगड हाताला साबणाच्या वडीसारखा लागला, वापरून झालेल्या. दातांची टोकं गेली होती. चमक तर नव्हतीच, खडीसाखर चोखून बाहेर काढावी तसा तो पांढराफटक दिसत होता. दुसरा तसाच. तिसऱ्याला मधून भेग. चौथा. मग ती पाचवा शोधत राहिली. टबाच्या तळाशी हात फिरवला, पाणी मोरीत ओतलं, मोरीच्या जाळीत बघितलं, टब पालथा केला.

चिठ्ठी होती. सुकत ठेवलेली, कोरडी, दोरा बांधलेली. दगड नव्हता.

ती तिथेच ओल्या लादीवर बसली. दगड कुणी नेला, हा पहिला विचार तिच्या मनात आला, आणि तिने खरंच उठून दाराची कडी तपासली. दगड विरघळतो हे तिला मान्यच होईना. मीठ विरघळतं. गूळ विरघळतो.

बाळाराम चार वाजता आला. जिने चढून आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याने आधी दगड पाहिले, मग तिच्याकडे.

"काय केलंस?"

"धुतले."

"कशात?"

तिने बाटली दाखवली. उन्नतीने एक दगड उचलला आणि परत ठेवला.

"शेडमधी आनि काय करायचो?" पार्वतीचा आवाज चढला. "नऊ वर्सं हेच करतंय! तवा कुठं ईरघळला दगड? शेठ बोलला धू, म्हनून धुतला. माझं काय चुकलं तेवढं सांगा!"

काय चुकलं हे बाळारामलाही सांगता येत नव्हतं. शेडमध्ये दगड अ‍ॅसिडने उजळायचा, मग इथलाच नाहीसा का व्हावा? तिथे विरघळायची ती साय याच दगडाची, हे दोघांनाही माहीत नव्हतं. एवढंच त्याला कळत होतं की उद्या साहेब येतील, शेठची मान खाली जाईल, आणि रविवारी टेम्पो.

"डॉक्टर काय बोलला?" पार्वतीने मधेच विचारलं.

"काय नाय. हाय तेवढंच हाय."

उन्नती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्यावरून पार्वती समजली की आहे तेवढंच नाही.

शुक्रवारी उजाडता उजाडता बाळाराम अंथरुणातून नाहीसा झाला. पार्वतीला वाटलं, काळूरामकडे गेला असेल. ती उन्नतीला घेऊन वळला गेली, कारण शेठला तोंड दाखवणं भाग होतं. बरोबर दहाला बाळाराम खोलीवर आला. केसांत, भुवयांत, मिशीत राखाडी धूळ. खांद्यावरच्या पोत्यातून त्याने पाच दगड काढले. चार मधाळ रंगाचे, ढिगातले. पाचवा निघाला तेव्हा उन्नतीच्या तोंडून आवाज फुटला. वीतभर लांब, दोन्ही बाजूंनी टोकदार, आरपार सोनेरी, आणि बुडाला काळ्या कातळाची खपली.

"खाणीत गेल्ता?" पार्वती म्हणाली.

"फाटकाखालून. कोपऱ्यात येक पोकळी मना ठाव होती. आठ वर्सांपूर्वी फोडली, तर फेकायचा निघाला. म्हनून दगड लावून बुजवलेली." त्याला एवढं बोलायला तीन वेळा थांबावं लागलं. "आतमधी असं शंभर हायेत."

त्याने उन्नतीकडून पाच चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि एकेका दगडाला बांधल्या. रोमानिया, रोमानिया, रोमानिया. पार्वतीला हे लबाडीचं वाटत होतं आणि शहाणपणाचंही वाटत होतं. दुपारभर ती चहाचे कप धूत होती, धुतलेलेच पुन्हा.

साहेब आले. दोघंही सत्तरीचे, गळ्यात दोरीने लटकवलेली भिंगं. इंग्लंडपाशी थांबले, चीनपाशी थांबले, शेठ मागे मागे, नव्या जावयामागे सासरा फिरावा तसा. मग त्यांतला उंच साहेब रोमानियापाशी आला. त्याने लांब सोनेरी दगड उचलला. भिंग लावलं. दगड उलटा केला, बुडाची काळी खपली नखाने खरवडली.

"मोहिउद्दीन," तो म्हणाला, "रोमानियात हा काळा दगड कुठून आला? हा तर आपला कातळ. इथला."

पार्वतीने हातातला चहाचा ट्रे फळीच्या कडेला टेकवला.

"पण मी तुला सांगतो," साहेब पुढे म्हणाला, "तुझ्या सगळ्या खोलीत असा दुसरा नाही. माझ्याकडेही नाही."

शेठ हसला. "चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, साहेब." त्याचे कान लाल झाले होते.

साहेबांची गाडी गेल्यावर शेठ वर आला. त्याने खुर्ची ओढली पण बसला नाही.

"बाळाराम, माझे रोमानियाचे कुठायत?"

बाळारामने तोंड उघडण्याआधीच पार्वती पुढे झाली. "मी धुतले, शेठ. अ‍ॅसिडमधी. चार खराब झाले. येक न्हायसा झाला." तिने कापडात गुंडाळलेले चार पांढरे गोटे समोर ठेवले. "यांचा काय दोष न्हाय. मना काय बोलायचं ते बोला, पन त्यांना ठेवा."

शेठने एक गोटा उचलून अंगठ्याने चाचपला. डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून तिघंही बघत होती, पण राग आला नाही. घरात कुणी गेल्यावर माणूस जसा भांड्याकुंड्यांकडे बघतो, तसा तो बघत होता. "चौदा महिने पत्रं लिहिली होती मी यांच्यासाठी," तो म्हणाला. "आणि मीच सांगितलं, धू." त्याने गोटा खाली ठेवला. मग वळून तो फळीपाशी गेला आणि लांब सोनेरी दगड दोन्ही हातांत घेतला, आणि त्याचा आवाजच बदलला.

"हा कुठून काढलास?"

बाळारामने सांगितलं. पोकळी, कोपरा, आत शंभर.

"शंभर?" शेठ कुजबुजला. "उद्यापासून तू माझ्याकडे, बाळाराम. कायमचा. इथे धूळ पुसायला कुणीही मिळेल. तू मला ती पोकळी रिकामी करून दे. ती झाली की दुसरी. सीलचं मी बघतो."

"शेठ," पार्वती म्हणाली, "त्यांना धूल चालत न्हाय. डाक्तर बोलला, खानीत पाय ठेवायचा न्हाय. मी त्यासाठीच आलेले ना तुमच्याकडं? सावलीतलं काम बोललेलात."

शेठ तिच्याकडे मनापासून बघत होता. तो काही खोटं बोलत नव्हता. "अगं, पण बंद खाणीत कसली धूळ? सुरुंग नाही, खडीयंत्र नाही. एक माणूस, एक छिन्नी. तोंडाला बांधायला मास्क देतो. हो की नाही, बाळाराम?"

"बरोबर बोलतंत शेठ," बाळाराम म्हणाला. त्याची मान ताठ झाली होती. सील लागल्यापासून पहिल्यांदा.

पार्वतीने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. धूळ नसेलही. या लोकांना जास्त माहीत असणार. पण सकाळी त्याच्या भुवयांत होतं ते काय होतं? तिला नेमकं कुणावर चिडावं ते समजेना. शेठने शब्द पाळला होता. बाळाराम टेम्पोत बसणार नव्हता. ती जे मागायला आली होती ते तिला मिळालं होतं.

शनिवारी ती त्याच्याबरोबर खाणीपर्यंत चालत गेली, भाकरीचं फडकं हातात घेऊन. चढावर तो दोनदा बसला. मास्क त्याने खिशात ठेवला होता, लावला की दम लागतो म्हणाला.

"आज ऱ्हाऊ द्या," ती फाटकाशी म्हणाली. "उन्नतीनं मना सांगितलं, डाक्तर काय बोलला ते."

"डाक्तर काय रोजच बोलतंय." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. भर रस्त्यात त्याने असं कधी केलं नव्हतं. "आनि तोंड कशाला पाडतंस? तुझ्याच हातानं झालं ना ह्ये सगळं. तू ते दगड ईरघळवलं नसतंस, त मी उद्या घाटावर गेलो असतो. आता घरची भाकरी, घरची खान. माझी गुणाची बाय तू."

तो हसला, हसता हसता खोकला, डोळे पुसले, आणि वाकून फाटकाखालून आत गेला.

पार्वती बाहेर धोंड्यावर बसली. तिला घरी कामं होती, पण उठवेना. थोड्या वेळाने कोपऱ्यातून छिन्नीवर पडणाऱ्या घणाचा आवाज यायला लागला. घण थांबला की खोकला ऐकू यायचा, आणि खोकला थांबला की घण.